तसबिरीमागची तार

संध्याकाळी सहानंतर आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. कॅम्प एकमधलं ते आमचं दीड खोलीचं घर. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकाची, आणि बाजूने नालीच्या कडेकडेने जाणारा एक अरुंद बोळ. पुढच्या खोलीत फळीवर रेडिओ आणि त्या रेडिओसमोर आमची अख्खी लाइन, म्हणजे आमच्या ओळीतली सगळी घरं. पोलादाच्या प्लँटचा भोंगा झाला की पुरुषमाणसं अंगावरची लाल धूळ झटकत, हातपाय धुऊन सरळ आमच्याकडे येत. बाया भाकरी टाकून, लेकरं काखेत मारून येत. कोणी बारदानावर, कोणी पेटीवर, कोणी दुसऱ्याच्या गुडघ्याला टेकून बसे. विडीचा धूर, ओल्या लुगड्यांचा वास आणि आतून चुलीवरच्या लाखोळीच्या डाळीचा वास, असं सगळं एकात एक मिसळलेलं असे. माय सगळ्यांना पाणी देता देता थकून जाई. बातम्या लागल्या की बाबा हात वर करत आणि तेवढी दहा मिनिटं रडणारं पोरही गप्प होई.

रेडिओ बाबांनी रायपूरहून आणला होता. बस कुम्हारीला बंद पडली आणि दुसरी येईपर्यंत दोन तास ते रस्त्याच्या कडेला रेडिओ मांडीवर घेऊन बसून राहिले, खाली म्हणून ठेवला नाही, हे ते ज्याला त्याला सांगत. बाबा प्लँटमध्ये खलाशी होते, म्हणजे लोखंडाचे अवजड गर्डर साखळीने उचलून वर बसवणाऱ्या टोळीत. बोलणं कमी, आवाज मोठा. रेडिओ घरात आल्या आल्या त्यांनी एकच नियम केला. रेडिओ लागला की दार उघडं राहील आणि जो येईल तो आत येऊन बसेल. ओट्यावरून नाही, खिडकीतून नाही. कोणी लाजून दारात थांबला तर बाबा उठून त्याचा हात धरत. "भाईर कावून उभा हाय? आत ये, बस." मला ही त्यांची मिरवायची हौस वाटे. घरात रेडिओ असलेला माणूस जरा मिरवणारच, असं मी मनात म्हणे.

मला त्या गर्दीची लाज वाटत होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि प्लँटच्या ट्रेनिंगमध्ये वायरमनचं काम शिकत होतो. खाकी पँट, खिशात टेस्टर, सायकलच्या हँडलला डबा. आमच्या बॅचमध्ये सेक्टरमधली, साहेब लोकांची दोन-तीन पोरं होती. त्यांतला दिवाकर माझा चांगला दोस्त झाला होता. त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो. पंखा, पडदे, आणि प्रत्येक माणूस वेगळ्या खोलीत. कोणी कोणाच्या अंगावर बसलेलं नाही. घरी परत आलो तर आमच्या पुढच्या खोलीत पंचवीस माणसं आणि एका पोराने बारदान ओलं केलेलं. त्या दिवशी मला माझंच घर परक्याच्या नजरेने दिसलं आणि त्यानंतर ते तसंच दिसत राहिलं. अठराव्या वर्षी माणसाला अक्कल येते म्हणतात. माझ्या बाबतीत ती आली ती फक्त बोटांत आली.

बोटांतली अक्कल उस्तादांमुळे. ते आम्हाला शिकवायचे, मल्याळी होते, हिंदी त्यांची त्यांनीच बनवलेली. एकदा ते मला एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर घेऊन गेले. तिथे रेडिओग्राम आला होता, कपाटाएवढा, वर तबकड्या आणि आत रेडिओ. बाईसाहेबांना त्याचा आवाज व्हरांड्यात हवा होता आणि झोपायच्या खोलीतही हवा होता, पण तार कुठेही दिसायला नको होती. तीन दिवस आम्ही ते काम केलं. दाराच्या चौकटीमागून, छताच्या पट्टीवरून, भिंतीला बारीक खाच पाडून वर चुना फिरवून. उस्ताद म्हणायचे, "तार दिखा तो काम गया." शेवटच्या दिवशी त्यांनी व्हरांड्यात मला उभं केलं आणि आत जाऊन बटन दाबलं. कुंड्यांच्या मागून सतारीचा आवाज आला. आसपास काहीच नाही आणि आवाज मात्र आहे. मी इतका खूश झालो की रात्रीच्या जेवणात माझं लक्ष नव्हतं. आपल्याही घरी असं करायचं, हे त्याच दिवशी ठरलं. कशासाठी करायचं ते नंतर ठरलं.

कारण लवकरच सापडलं. बाबांची सेकंड शिफ्ट लागणार होती. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते दीड वाजता घरून निघत आणि आमची निजानीज झाल्यावर परत येत. म्हणजे सोमवार ते शनिवार संध्याकाळी घरचा कर्ता पुरुष मी. त्या आठवड्यात रेडिओ पुढच्या खोलीत मुका करायचा, आवाज मागच्या खोलीत न्यायचा, आणि लोकांना सांगायचं की वाल, म्हणजे रेडिओतला व्हॉल्व्ह, गेलाय, नागपूरहून येईल तेव्हा येईल. मी, माय, आणि शुक्रवारी चहाला बोलावलेला दिवाकर. दिवाकरला मी माझ्या कामाबद्दल इतकं सांगून ठेवलं होतं की तो बघायलाच येणार होता.

माझ्याकडे एका मोडक्या रेडिओतून काढलेला स्पीकर होता. सोमवारी मला सुट्टी होती. बाबा कामावर गेले आणि मी बसलो. रेडिओच्या पाठीमागून दोन तारा काढल्या, फळीच्या खालून नेल्या, फळीखालीच हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असं एक बटन बसवलं. डावीकडे केलं की रेडिओ नेहमीसारखा. उजवीकडे केलं की पुढे एकदम शांत आणि मागे चालू. मधल्या भिंतीला भोक पाडायचं तर ते दिसणार. मग ते कुठे पाडायचं? त्या भिंतीवर एकच गोष्ट टांगलेली होती. बाबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा आणलेली बुद्धाची तसबीर. मी ती खाली काढली, पेटीवर नीट ठेवली, बरोबर तिच्या जागी छन्नीने भोक पाडलं, तार ओवली, आणि तसबीर परत टांगली. मागच्या खोलीत स्पीकर मांडणीतल्या पितळी डब्यांच्या मागे ठेवला. बोळाकडच्या भिंतीला वर एक झरोका होता, त्यातून आवाज बाहेर जाईल म्हणून त्यात पोतं कोंबलं. मांडणीपासून तसबिरीपर्यंत चुना फिरवला. रेडिओवर मायने विणलेलं पोपटाचं कापड टाकलं, म्हणजे काचेमागचा दिवा दिसू नये. उस्तादांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

माय हे सगळं बघत होती. तिला आधी बरंच वाटलं. "एक आठोडा तरी पानी पाजाचं वाचन," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पन तुया बाबाले आवडन का रे?" मी म्हटलं, "बाबांना कशाला सांगायचं? शनिवारी मी सगळं काढून टाकतो." तेही मी करणार होतो, अगदी खरं. केलं नाही.

त्या संध्याकाळी लोक आले आणि मी दारात उभा राहून सांगितलं, वाल गेला. पुरुष चुकचुकले, दोघातिघांनी नागपूरच्या कोणत्या दुकानात मिळेल ते सांगितलं, आणि सगळे गेले. एकाने तर मला, रेडिओ उघडताना सांभाळ, करंट लागेल, असा काळजीने सल्ला दिला. मी दार लावून घेतलं. मागच्या खोलीत मी आणि माय, कढईत वांग्याची भाजी, आणि डब्यांमागून हलकेच गाणं. मला वाटलं, हे खरं घर.

त्या आठवड्यात रोज एक बाई मात्र येत राहिली. गिरजामावशी. आमच्या बोळाच्या पलीकडच्या टोकाला राहायची. नवरा गावाकडेच वारलेला, मावशी इथे प्लँटच्या बांधकामावर रेजा होती, डोक्यावर टोपलं घेऊन गिट्टी-सिमेंट वाहायची. एकुलती एक मुलगी शेवंता नागपूरला वसतिगृहात राहून मास्तरकीचं शिकत होती. हीच शेवंता पुढे माझी बायको झाली, तेही इथे सांगून टाकलेलं बरं. मावशी मंगळवारी आली, बुधवारी आली, गुरुवारी आली. तोंडावर सिमेंटची भुकटी तशीच, आणि दारातून एकच प्रश्न, "वाल आला का, बापा?" मी म्हणे, नाही मावशी. ती म्हणे, "बरं," आणि जाई. गुरुवारी मला तिचा राग आला. एवढं काय रेडिओचं वेड, असं मी मायला म्हणालोसुद्धा. मावशीने कारण सांगितलं नाही, कारण तिला आपल्या मुलीची फुशारकी मारायला लाज वाटत होती. लाज तिलाही होती, मलाही होती. तिची चांगल्या जातीची होती.

शुक्रवारी दिवाकर माझ्यासोबतच सायकलवर आला. मायने डाळ वाटून ठेवली होती, भजी तळायला घेतली. मी दिवाकरला मागच्या खोलीत, घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि पुढे जाऊन फळीखालचं बटन उजवीकडे केलं. मांडणीतून आवाज आला. दिवाकर डब्यांमागे वाकून बघू लागला, छताकडे बघू लागला, भिंतीवरून हात फिरवू लागला. "अरे, तार कुठाय?" मी नुसता हसलो. आयुष्यात त्यानंतर मला बढत्या मिळाल्या, एकदा कामाबद्दल बक्षीसही मिळालं, पण त्या हसण्याएवढी ऐट मी पुन्हा कधी केली नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. मी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि पुढचं उघडलं. गिरजामावशी होती. आंघोळ केलेली, केस ओले, हिरवं लुगडं नेसलेली, जे ती फक्त पौर्णिमेला नेसायची. हातात पोस्टकार्ड. "हे वाच जरा, बापा. पोस्टमननं वाचून देल्लं होतं, पन टाइम बरोबर हाय का पाहून दे." मी वाचलं. शेवंताचं अक्षर. शुक्रवारी सायंकाळी साडेसहाला नागपूर रेडिओ स्टेशनवर आमच्या वसतिगृहाच्या मुलींचं गाणं आहे. सुरुवातीच्या ओळी मी एकटी म्हणणार आहे. आई, रेडिओवाल्या काकांच्या घरी समोर बसून ऐक.

सहा वाजून गेले होते. मी ते कार्ड हातात धरून उभा होतो. माझ्यापासून दोन हातांवर फळी होती आणि फळीखाली ते बटन. सोपं होतं. मावशी, बसा, बघतो प्रयत्न करून, असं म्हणायचं, पाच मिनिटं रेडिओच्या मागे खुडबुड करायची, आणि बटन डावीकडे ढकलायचं. माझी लबाडीही झाकली गेली असती. मला हे सुचलं नाही असं नाही, चांगलं सुचलं. पण मग ती बसली असती. ती बसली की बोळातल्या चार बाया आल्या असत्या, मग पोरं, मग बारदान, आणि दिवाकर मागच्या खोलीतून बाहेर येऊन हे सगळं बघत उभा राहिला असता. मी कार्ड तिच्या हातात परत दिलं. "नाही मावशी. वाल अजून आला नाही."

"मंग अजून कोठी हाय का रेडिओ?"

"सेक्टरमध्ये असेल. साहेब लोकांकडे."

"तिथं मले कोन बसू देते," ती म्हणाली. रागाने नाही, जशी एखादी साधी गोष्ट सांगावी तशी. मग ती वळली. मी दार लावलं आणि आत गेलो.

माय कढईजवळ बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. दिवाकर समोर असल्यामुळे ती हळूच म्हणाली, "सुदाम, बलाव तिले." मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. मायला मी आयुष्यात पहिल्यांदा डोळे वटारले, आणि पाहुण्यासमोर शोभा नको म्हणून तिने ते सहन केलं. "काय झालं?" दिवाकरने विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. भज्यांचा एक घाणा जळला. तेवढ्यात निवेदिकेने वसतिगृहाचं नाव सांगितलं, बाजाची पेटी वाजू लागली, आणि मग एका मुलीचा आवाज. थोडासा घाबरलेला, पण स्वच्छ. दिवाकर म्हणाला, "वा, छान म्हणते." मायने पदर तोंडाला लावला.

दिवाकरला हात धुवायचे होते. मी मागचं दार उघडलं, ते बोळात उघडायचं. बोळात गिरजामावशी उभी होती. नालीच्या कडेला एका विटेवर एक पाय, दुसरा पाय चिखलात, हिरव्या लुगड्याचा काठ एका हाताने वर धरलेला, आणि कान आमच्या भिंतीला लावलेला. बरोबर मांडणीच्या मागे. घरी जाताना तिला काहीतरी ऐकू आलं असणार आणि ती थांबली असणार. आम्हाला बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ओठांवर बोट ठेवलं. बोलू नका, एवढंच. आम्ही दोघं दारात आणि ती भिंतीशी, असे आम्ही गाणं संपेपर्यंत उभे राहिलो. दिवाकरच्या हाताचं तेल तसंच होतं.

गाणं संपलं. मावशीने पाय चिखलातून काढला. "झालं," ती मला म्हणाली. "आयकलं म्या. समदं आयकलं. जाय तू, पाहुना हाय घरी." आणि ती बोळातून निघून गेली. माझ्या वालाबद्दल एक शब्द नाही.

दिवाकरने विचारलं, "कोण रे त्या? आणि त्यांना आत का नाही बोलावलं?" साधा प्रश्न होता, त्याच्या मनात काही नव्हतं. आज मला वाटतं की तो त्या बारदानावरही आनंदाने बसला असता. मी त्याला उत्तर दिलं, "शेजारची आहे. तिला आत यायला आवडत नाही." हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. भोक पाडल्याची लाज वेगळी, वालाच्या थापेची वेगळी. या वाक्याची लाज मला अजून येते, जेवताना येते, गाडीत बसलो असताना येते, आणि ती आली की मी मोठ्याने काहीतरी भलतंच बोलतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

शनिवारी मी तारा काढणार होतो, त्या काढल्या नाहीत. मन लागेना. मंडईत उगाच फिरलो आणि आठवडा संपला. रविवारी सकाळी आमच्या घरी वंदना असे. तसबीर फक्त आमच्याकडे होती, म्हणून लाइनीतले सगळे आमच्याकडे जमत. दर रविवारी वंदनेआधी तसबीर खाली काढून पुसायची, फुलं घालायची आणि टेबलावर मांडायची, हे काम लहानपणापासून माझं. म्हणूनच मला त्या जागेची भीती वाटली नव्हती. तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नसे. पण त्या रविवारी नळाला पाणी उशिरा आलं, मी रांगेत अडकलो, आणि घरी परत आलो तेव्हा बाबांनी तसबीर काढलेली होती. भिंतीत ते भोक आणि त्यातून वळलेली तार. खोलीत वीस माणसं बसलेली. गिरजामावशी तिच्या नेहमीच्या जागी, पेटीला टेकून. बाबांनी माझ्याकडे बघितलं. वंदना झाली. पाच शीलं म्हटली, त्यांतलं चौथं खोटं न बोलण्याचं. मीही म्हटलं, सगळ्यांसोबत, हात जोडून.

लोक गेल्यावर बाबांनी विचारलं, "कोनासाठी केलं हे?" मी सगळं सांगितलं. बोळातलंही सांगितलं. फक्त दिवाकरला दिलेलं उत्तर सांगितलं नाही. मला वाटलं होतं ते मारतील. ते बाजेवर बसले आणि बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले, साखळी ओढून त्यांच्यावर घट्टे पडले होते.

"आमच्या गावात मालगुजाराच्या घरी तबकडीचा बाजा होता," ते म्हणाले. "सांजच्याले लावे. आमी भाईर उभे राहो. भिंतीच्या भाईर, शेनाच्या उकिरड्यापाशी. माहा बाप मले खांद्यावर घे, का वरतून जास्त आयकू येईन. एक रोज मालगुजाराच्या गड्यानं आमच्यावर पानी फेकलं. दिल्लगी म्हनून. माहा बाप हासला. मले घेऊन घरी आला अन् मंग रडला." ते थांबले. "म्या तवा पाहून ठेवलं. माह्या घरी बाजा आला त भाईर कोनी उभं नाई राहणार. अन् तुवा त्या बाईले नालीत उभं केलं. आपल्या भिंतीच्या भाईर. आपल्याच भिंतीच्या."

मला तेव्हा एकदम कळलं की ती हौस नव्हती. पण कळून उपयोग काय? "जाय," बाबा म्हणाले, "तिले सांग, म्या खोटं बोललो."

मी गेलो. खरंच गेलो. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होती. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि तिने वर बघून विचारलं, "वाल आला का, बापा?" तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. ती मला वाट करून देत होती, हे मला आज कळतं. मी त्या वाटेने पळालो. "हो मावशी, आला," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं." घरी येऊन मी बाबांना सांगितलं की बोललो. त्यांनी तारा उपटल्या, भोकात सिमेंट भरलं, आणि संध्याकाळी रेडिओ पुढच्या खोलीत लागला. मावशी येऊन नेहमीच्या जागी बसली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शेवंता आली. दुपारी मायलेकी आमच्याकडे आल्या. घरात आम्ही तिघंच होतो. मायने आंब्याचं पन्हं केलं होतं. शेवंता दोन वेण्या घातलेली, शहरात राहून थोडी धीट झालेली. तिने सरळ विचारलं, "काकाजी, माझं गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलं ना?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मायने पन्ह्याच्या भांड्याकडे बघितलं. आणि गिरजामावशी म्हणाली, "आयकलं ना. मी इथंच बसली होती, रेडिओच्या पुढ्यात. या सुदामनं मले खुर्ची देल्ली बसाले." शेवंताने माझ्याकडे वळून विचारलं, "हो?" तिचा चेहरा इतका फुलला होता. बाबा वाट बघत होते. ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "हो." बाबा उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि भर दुपारी नळावर निघून गेले.

त्यानंतर पाच वर्षांनी आमचं लग्न झालं. शेवंताने सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि प्रत्येक वर्गाला तिने ही गोष्ट सांगितली असेल. माझी आई टोपलं वाहत होती, तिला वाचता येत नव्हतं, पण तिने खुर्चीवर बसून माझा आवाज रेडिओवर ऐकला. शेवटची काही वर्षं मावशी आमच्याकडेच होती, कोहक्याच्या या घरात. मी तिला दवाखान्यात न्यायचो, तिचे पाय दाबायचो, लोक म्हणायचे जावई असावा तर असा. आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. ती गेली तेव्हाही मी तिच्या कानाशी बसून काहीबाही बोलत होतो, पण ते नाही बोललो.

मी आता आठवणी लिहितो आहे, त्यातलं प्रत्येक प्रकरण शेवंता तपासते. लाल पेनाने, मास्तरणीसारखी. हे प्रकरण मी दोन वर्षं बाजूला ठेवलं होतं. मागच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला वाचायची मनाई आहे, म्हणून मी वाचून दाखवतो. परवा हे वाचलं. ती काळा चष्मा लावून बसली होती, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला समजलं नाही. दिवाकरला दिलेलं उत्तरही वाचलं.

मग तिने विचारलं, "माय उभी होती?"

"हो."

"कितीक वेळ?"

"गाणं संपेपर्यंत."

"भिंतीतून बोल समजते का?"

मी चाळीस वर्षं हेच काम केलं. भिंत किती जाड होती, स्पीकर केवढा होता, झरोक्यात पोतं कसं ठासलं होतं, हे माझ्याएवढं कोणाला माहीत असणार? मला वाटलं, आता तरी.

"नाई," मी म्हणालो. "चाल समजते. आवाज कोनाचा ते समजते. बोल नाई समजत."

तिने मान हलवली. पदराने चष्म्याच्या खालून गाल पुसला, डॉक्टरने डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

"त्या उन्हाळ्यात माय मले रोज म्हने, त्या गान्याचे बोल सांग," ती म्हणाली. "भांडे घासता घासता, निजता निजता. म्या दोनदा म्हनून दाखोले. मंग मले कटाळा आला. म्हटलं, तू त खुर्चीवर बसून आयकलं, आता अजून कितीक वेळा म्हनू. मंग तिनं विचारनं सोडून देल्लं."